उपग्रहाच्या फोटोत खाडीच्या तोंडाशी दर पंधरा दिवसांनी तपकिरी पट्टा दिसतोय. यातलं कुणाला कळतं का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या मुखावर, नोकरी पुण्यात. गावाचं आणि खाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वरच्या अंगाला कारखाने आहेत. गेल्या दोन वर्षांत तीनदा बोय मासळी मरून काठाला लागली. तिसऱ्या वेळी मी घरीच होतो. पहाटे जेटीवर गेलो तर पायरीपायरीवर बोय पडलेली, पोटं वर, कल्ले लाल असतात ते करडे झालेले, आणि काही अजून जिवंत होती ती पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होती. आईने तेव्हापासून तिसऱ्या (शिंपल्या) घरात आणलेल्या नाहीत. तक्रार केली, चार दिवसांनी माणसं आली, बाटली भरून नेली, रिपोर्ट आला की सगळं मर्यादेत.

मग चुलतभावाने सांगितलं की युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट बघता येतात. डिसेंबर ते मार्च सगळे फोटो काढून बसलो. दर ५ दिवसांनी एक फोटो मिळतो. त्यात दर तिसऱ्या फोटोत खाडीच्या तोंडातून तपकिरी पट्टा बाहेर पडलेला दिसतो, दीड-दोन किलोमीटर समुद्रात गेलेला. मधल्या दोन फोटोंत नाही. म्हणजे बरोबर पंधरा दिवसांनी. मला तर सरळ दिसतंय की कुणीतरी पंधरवड्याला टाकी मोकळी करतंय. ग्रामपंचायतीत आणि पेपरात द्यायच्या आधी इथे विचारतो, हा पुरावा म्हणून चालेल का?

वाटसरू
फोटो टाका की राव.

खाडीकाठ
टाकले असते, पण किनाऱ्याचा आकार बघून कोकणातला कुणीही गाव ओळखेल.

पिक्सेलपंत
माझं रोजचं काम हेच आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

उपग्रह पाणी तपासत नाही, पाण्यातून परत आलेला उजेड मोजतो. किनाऱ्याच्या पाण्याचा रंग मुख्यतः तीन गोष्टींनी बदलतो. एक गाळ, दोन पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, तीन कुजलेल्या पाल्यातून उतरणारा कोऱ्या चहासारखा रंग, तो उजेड खातो. या तिन्हींचा अंदाज फोटोवरून बांधता येतो. पाण्यात किती ऑक्सिजन आहे, मैल्यातले जंतू किती, जड धातू किती, यातलं काहीही थेट दिसत नाही कारण त्यांना तसा रंगच नाही.

त्यात दुसरी अडचण अशी की समुद्रावरून उपग्रहाकडे जो उजेड पोचतो त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास हवेचाच असतो, धूळ, धुकं, बाष्प. पाण्याचा वाटा उरलेला. तो वेगळा काढायचा म्हणजे हलवायाच्या दुकानात उभं राहून वेलचीचा वास ओळखण्यासारखं आहे. तुम्ही बहुतेक तयार दुरुस्त केलेला फोटो वापरला असणार, तो हिशोब जमिनीसाठी बनवलाय. पाण्यासाठी बेल्जियमच्या लोकांनी केलेलं अ‍ॅकोलाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते वापरून बघा.

शेवाळाचं म्हणाल तर खोल समुद्रात निळ्या आणि हिरव्या उजेडाच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्य काढतात. तेच सूत्र खाडीत लावलं की फसतं. गाळ आणि चहा-रंग दोघंही निळ्या उजेडात ढवळाढवळ करतात आणि सॉफ्टवेअरला वाटतं शेवाळ माजलंय. म्हणून गढूळ पाण्यात ६६५ आणि ७०५ नॅनोमीटरच्या दोन रंगपट्ट्यांची (लाल आणि त्याच्या जरा पुढचा उजेड) तुलना करतात, सेंटिनेल-२ वर दोन्ही आहेत.

आता तुमचा पट्टा. तपकिरी आणि उजळ आहे म्हणजे गाळ, हे मी जवळजवळ खात्रीने सांगतो. तो गाळ कारखान्याचा, डोंगराचा का खाडीच्या तळाचाच उठलेला, हे रंगावरून सांगता येत नाही. पेपरात देण्याची घाई करू नका.

रोखठोक
म्हणजे ऑक्सिजन दिसत नाही, जंतू दिसत नाहीत, विष दिसत नाही. मग आठशे किलोमीटरवरून बघून करायचं काय? त्यापेक्षा बाटली घ्या आणि बुडवा.

बाटलीवाली
बाटली बुडवण्यात माझी बारा वर्षं गेली म्हणून मी बोलते.

खाडीकाठदादा, बोय तोंड वर काढून आ वासत होती असं लिहिलंत ना, ते वाचून पोटात तुटलं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ पाण्यातला ऑक्सिजन संपलाय. हे गाळाने सहसा होत नाही, सडणारं काहीतरी पाण्यात आलं की होतं. आम्ही ते विंकलरच्या पद्धतीने बघतो. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड पिपेटने पाण्याच्या आत सोडायचं, बूच लावून उलटीसुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बनतो आणि हळूहळू खाली बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. मी एकदाच असा शुभ्र साका पाहिलाय, एका नाल्याच्या तोंडाशी, होडीत कुणी काही बोललं नाही.

आंघोळीच्या किनाऱ्याच्या पाण्याला आपल्याकडे एसडब्ल्यू-२ हा वर्ग लावतात. ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅम तरी हवा, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खाते तो ऑक्सिजन) ३ च्या वर नको, मैल्याचे जंतू १०० मिलिलिटरला १०० च्या वर नकोत, गढूळपणा ३० एनटीयूच्या आत. यातला फक्त गढूळपणा उपग्रहाला जमतो. तेव्हा रोखठोक म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण त्यांना हेही सांगते, बाटली म्हणजे एका जागेचं एका क्षणाचं पाणी. खाडीत दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. चार दिवसांनी भरलेली बाटली म्हणजे आठ वेळा धुतलेल्या पातेल्याचा वास घेणं. त्या रिपोर्टातलं 'मर्यादेत' खोटं नसेल, पण ते त्या दिवसाच्या पाण्याबद्दल आहे, बोय मेली त्या पाण्याबद्दल नाही.

रोखठोक
हे पटलं. बाटली कुठे आणि कधी बुडवायची हे उपग्रहाने सांगितलं तर माझी हरकत नाही.

मालवणचो झील
उथळ पाण्यात आणखी एक गंमत होते ती सांगतो. आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हिवाळ्यात पाणी एवढं नितळ असतं की तळाची पांढरी वाळू आणि काळे खडप वरून स्वच्छ दिसतात. मी एकदा फोटोवरून गढूळपणाचा नकाशा काढला तर सगळ्यात स्वच्छ पाणी नकाशात सगळ्यात गढूळ आलं! उपग्रहाला वाळूचा उजेड म्हणजे गाळच वाटला. तेव्हा नकाशातला लाल रंग बघून घाबरायच्या आधी तिथली खोली किती ते बघा.

पिक्सेलपंत
@मालवणचो झील, अगदी. आणि मार्चनंतर ऊन डोक्यावर यायला लागलं की लाटांवरची चमक येते, फोटोत उजळ पट्टे पडतात, त्यालाही लोक फेस समजतात.

वेसावकरीण
आमच्याकडे उपग्रह वीस वर्षांपासून घरातला झालाय. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून मासळी कुठे मिळेल त्याचा निरोप येतो, अमुक बंदरापासून अमुक दिशेला इतके किलोमीटर, इतकी खोली. पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य जिथे एकदम बदलतं ती रेघ पकडतात, तिथे खाणं असतं म्हणून मासळी जमते. ज्यांच्याकडे मोठं इंजिन आहे त्यांना बांगडा-तारलीला उपयोग होतो. डोलवाल्यांना त्याचा काय फायदा, डोल म्हणजे एका जागी रोवलेलं जाळं, मासळीनेच यायचं असतं.

माझा भाऊ म्हणतो हरितद्रव्याचा नकाशा मासळीसाठी निघतो तसा घाणीसाठी पण काढा ना, आमच्या खाडीच्या तोंडाशी रोज.

पिक्सेलपंत
ताई, तिथे पिक्सेलचा, म्हणजे फोटोतल्या एका ठिपक्याचा प्रश्न येतो. आपल्या इस्रोचा ओशनसॅट १९९९ पासून हेच काम करतोय, तिसरा ओशनसॅट म्हणजे ईओएस-०६ हा २६ नोव्हेंबर २०२२ ला गेला, त्यावर १३ रंगपट्ट्यांचा कॅमेरा आहे, दोन दिवसांनी एकदा बघतो. पण त्याचा एक ठिपका ३६० मीटरचा. युरोपचा सेंटिनेल-३ घ्या, ३०० मीटर. नासाचा अ‍ॅक्वा २००२ ला गेला, समुद्राच्या रंगासाठी त्याचा ठिपका १ किलोमीटरचा. अरबी समुद्रासाठी झकास, पण चारशे मीटरच्या खाडीचं तोंड एका ठिपक्यात संपतं आणि त्यात अर्धा किनारा मिसळतो. सेंटिनेल-२ चा ठिपका १० ते २० मीटर पण तो पाच दिवसांनी येतो. रोज आणि बारीक दोन्ही एकदम अजून फुकटात मिळत नाही.

मस्कतवासी
हरितद्रव्यावरून आठवलं, अवांतर होईल पण लिहितो. इथे मस्कतला जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र पालकाच्या सूपासारखा हिरवा होतो. मी पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा वाटलं कुणी रंग ओतला. तो नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव आहे, त्याच्या पोटात हजारो बारीक हिरवी शेवाळं राहतात. कोलंबिया विद्यापीठातले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी यावर बरंच काम केलंय, २०१४ मध्ये त्यांचा निबंध आला, अरबी समुद्राच्या उत्तर भागातला हा फुलोरा खालून वर येणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडलेला आहे असं त्यात दाखवलंय. उपग्रहाच्या फोटोत ओमानपासून आत समुद्रात शेकडो किलोमीटर हिरव्या भोवऱ्यांची नक्षी दिसते. इथलं पिण्याचं पाणी समुद्रातूनच येतं, त्यामुळे किनाऱ्याकडे काय सरकतंय हे आधी कळणं आम्हाला जिव्हाळ्याचं.

दादरकर
रात्री जुहूला आणि कोकणात लाटा निळ्या चमकतात तो हाच का?

मस्कतवासी
भाऊबंद. तुमच्याकडे निळा चमकतो त्यातही बहुतेक नॉक्टिलुकाच असतो.

दादरकर
आमची आजी म्हणायची समुद्राची दिवाळी. आता तिला नाव सांगतो, नॉक्टिलुकाची दिवाळी.

पणजीकर
पावसाळ्यात काय करायचं याचं उत्तर कुणी दिलं नाही. जून ते सप्टेंबर ढगच ढग, रंगाचा कॅमेरा आंधळा. त्या वेळी रडार कामाला येतं, सेंटिनेल-१. ते ढगातून, रात्रीसुद्धा बघतं, पण रंग नाही, पाण्याचा खरखरीतपणा बघतं. तेलाचा तवंग बारीक लाटा दाबतो त्यामुळे तिथे काळा डाग येतो. आमच्या गोव्यात पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात, किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात, लहानपणी पायाचे काळे डाग घासायला आई घासलेट आणायची. दोनापावलाच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेने त्यावर अभ्यास केलेला आहे. जहाजांनी बाहेर सोडलेलं तेल वाऱ्याने किनाऱ्याला येतं. रडारमध्ये ते वाटेत असताना दिसू शकतं. पण वारा पडलेला असेल तर शांत पाणीही तसंच काळं दिसतं, म्हणून दोन-तीन फोटो लागोपाठ बघावे लागतात.

मुंबई बंदरात ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलीजिया या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं ते आठवतं का? ऐन पावसाळा. अशा वेळी रंगाचा फोटो मिळायची आशाच नको.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. गाळ तर गाळ, तो बरोब्बर पंधरा दिवसांनीच का यावा? निसर्ग काय कॅलेंडर बघून चालतो? म्हणून माझा संशय माणसावर आहे.

नाना दाभोळकर
निसर्ग कॅलेंडर बघूनच चालतो, फक्त ते भिंतीवरच्या पंचांगात बघावं लागतं.

माझं वय शहात्तर. फोटो-उपग्रह मला कळत नाही पण तिथी कळते. वडिलांनी शिकवलेला हिशोब सांगतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. आता मला सांगा, तुमचा उपग्रह किती वाजता येतो? आणि ज्या दिवशी पट्टा दिसला त्या दिवशी तिथी कुठली होती?

पिक्सेलपंत
नाना, साष्टांग नमस्कार! हे मला पहिल्या उत्तरातच सुचायला हवं होतं.

उपग्रह नेहमी एकाच घड्याळी वेळेला येतो, आपल्या किनाऱ्यावर सकाळी अकराच्या जरा पुढे. आणि पाच-पाच दिवसांच्या तीन फेऱ्या म्हणजे पंधरा दिवस, भरतीचं उधाण-भांगाचं (मोठ्या भरतीपासून छोट्या भरतीपर्यंत आणि परत) चक्र पावणेपंधरा दिवसांचं. म्हणजे प्रत्येक तिसरा फोटो जवळजवळ त्याच तिथीला पडतो. समजा एक अष्टमीला पडला तर पुढचा त्रयोदशीला, त्यापुढचा तृतीयेला, मग परत अष्टमी. नानांच्या हिशोबाने अष्टमीला भरती सहाला, अकराला ओहोटी संपत आलेली, पाच तास खाडीचं पाणी बाहेर वाहिलेलं. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, ओहोटी नुकती लागलेली. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे अकराला समुद्राचं स्वच्छ पाणी आत घुसतंय. पट्टा कुठल्या फोटोत दिसणार ते तुम्हीच सांगा.

वेसावकरीण
डोलवाल्याला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. आमचं सगळं उधाण आणि भांगावर. उधाणाला ओढ जोरात, गाळ पण तळापासून उठतो, त्यामुळे भरती असली तरी पाणी मळकट असू शकतं, हेही धरा.

खाडीकाठ
चार दिवस उशिरा येतोय. रविवारी पंचांग आणि फोटो घेऊन बसलो. एकूण १९ फोटो ढगाविना मिळाले होते. पट्टा दिसलेले सहा. सहाच्या सहा सप्तमी, अष्टमी नाहीतर नवमीचे.

नाना, तुमचे पाय धरायला हवेत. मी पेपरात नावं घेऊन द्यायला निघालो होतो, ओहोटीच्या गाळाचा आळ माणसांवर घातला असता, आणि मग उद्या खरी घाण सापडली असती तरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

पण एक सांगायचं आहे. पिक्सेलपंतांनी लिहिलं होतं की चहा-रंग उजेड खातो, म्हणून या वेळी उजळ सोडून काळपट काय दिसतं ते शोधलं. फेब्रुवारीतल्या एका त्रयोदशीच्या फोटोत, जेटीच्या वर अडीच किलोमीटरवर नाला मिळतो तिथून काठाकाठाने एक काळी रेघ आहे, सात-आठशे मीटर. आधीच्या त्रयोदश्यांना नाही, नंतरच्याला नाही. आणि बोय मेली ती त्यानंतर तिसऱ्या दिवशी.

बाटलीवाली
अंगावर काटा आला.

पिक्सेलपंत
थांबा, आधी तीन गोष्टी बघा. ढगाची सावली आहे का, फोटोत जवळपास ढग आणि त्याच आकाराचा डाग दिसतो का. दुसरं, त्या काठाला कांदळवन आहे का? ओहोटी लागली की कांदळवनातूनही कोऱ्या चहासारखं पाणी उतरतं, ते निरोगी असतं. तिसरं, ओला चिखल उघडा पडला असेल तर अवरक्त पट्टीत तो पाण्यापेक्षा उजळ दिसेल, पाणी काळंच राहील.

खाडीकाठ
ढग नाही. कांदळवन समोरच्या काठाला आहे, नाल्याच्या बाजूला जांभा आणि वाडी. अवरक्तमध्ये काळंच आहे.

पिक्सेलपंत
मग मी म्हणेन की तिथे बाटली बुडवायचं कारण मिळालं. पुरावा अजून नाही, कारण आहे.

बाटलीवाली
मी येते. खरंच येते, चिपळूणला माहेर आहे. तीन जागा धरू: नाल्याचं तोंड, त्याच्या वर अर्धा किलोमीटर म्हणजे घाण येण्याआधीचं पाणी, आणि खाली जेटी. ऑक्सिजनच्या बाटल्यांत औषध होडीतच घालायचं, घरी आणून नाही. जंतूंची बाटली निर्जंतुक, बर्फात, त्याच दिवशी लॅबला. आणि कृपा करून प्रत्येक बाटलीवर वेळ लिहायची, 'सकाळी' असं नाही, ११ वाजून १० मिनिटं असं.

पिक्सेलपंत
उपग्रहाच्या फेरीच्या दिवशीच गेलात तर फोटो आणि बाटली जुळवता येईल. एक सेक्की तबकडी पण न्या. अँजेलो सेक्की नावाच्या पाद्र्याने १८६५ मध्ये काढलेली युक्ती, ३० सेंटीमीटरची पांढरी गोल थाळी दोरीला बांधून सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. जुनं जर्मनच्या डब्याचं झाकण पांढरं रंगवलं तरी चालतं. दोन वर्षं दर फेरीला हे केलंत तर तुमच्या खाडीचं स्वतःचं सूत्र बनेल, आणि ते कुठल्याही परदेशी सूत्रापेक्षा तिथे खरं ठरेल.

रोखठोक
लॅबच्या खर्चातला निम्मा माझा. पहिल्या दिवशी बोललो ते मनापासून होतं, हेही मनापासून आहे.

खाडीकाठ
काय बोलू कळत नाही. पुढची फेरी अष्टमीची आहे, चुलतभावाची होडी ठरवली. त्याच्या पुढच्या त्रयोदशीलाही जाणार. आईला सांगितलं तर म्हणाली येणाऱ्या सगळ्यांना जेवायला आण.

नाना दाभोळकर
अष्टमीला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, बाराच्या सुमारास. भांगाची असते, फार उतरत नाही, पण नाल्याच्या तोंडाशी नेहमी वाळूचा बांध असतो, होडी बसली तर दोन तास अडकाल. दहाच्या आत जेटी सोडा, आणि परत येताना मधल्या धारेतून या, काठाने नको.